सरळ केलेली रेघ

दिवेआगर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग. नेत्राची बारावी परवापासून सुरू होतेय, म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत तिचा पहिला पेपर होऊन गेला असेल. तिला म्हणावं, मामाला तिची आठवण येते. पत्र मात्र तिच्या हाती पडू देऊ नकोस. परीक्षा संपेपर्यंत तरी नको.

इकडे थंडी ओसरली. वादळानंतर नानांनी लावलेल्या पोफळींपैकी बहुतेक जगल्यात, आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात. जुन्या साठ-एक उभ्या आहेत त्यांची सुपारी अंगणात वाळत पडलीय. विहिरीला पाणी आहे. शिंपणं मीच करतो, एक दिवसाआड. आईचा गुडघा दुखतो पण ती ऐकत नाही, वाडीत येतेच. बाकी तब्येत बरी आहे. बोलते कमी.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तू पहिल्यांदा सुनावणीचंच बोललीस, वकिलांनी काय सांगितलं ते बोललीस, आणि मी हो हो करून ठेवून दिला. शेवटी गुरुवारी आई म्हणाली, "तिला लिव. फोनवर ती तुला बोलू द्यायची न्हाय, आनि तुझ्याच्यानं बोलवनार बी न्हाय." म्हणून लिहायला बसलो.

तुझा मेसेज मिळाला. अठरा तारखेला, मंगळवारी, डॉक्टरांविरुद्धच्या तुझ्या तक्रारीवर बसलेल्या मुंबईच्या समितीपुढे मी साक्षीला यायचं. डॉक्टर दिनानाथांनी नानांना तपासलं तेव्हा काय झालं ते सांगायचं. मी येणार आहे. पण त्याआधी तुला जे कळायला हवं ते कळू दे.

सुरुवात मशीनपासून करावी लागेल. कंटाळू नकोस.

डॉक्टरांची ईसीजीची मशीन तुला आठवत असेल, लोखंडी टेबलावरची, पांढरी. वादळात दवाखान्याचे पत्रे उडाले तेव्हा ती भिजली. नंतर दोन वर्षं ती चालू व्हायची, पण कागदावर काही उमटायचं नाही. मी तेव्हा नुकतंच तळोज्याच्या कारखान्यातलं काम सोडून बोर्लीच्या नाक्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. डॉक्टरांनी ती माझ्याकडे आणून ठेवली. म्हणाले, "कंपनी म्हणते हे मॉडेल बंद झालं. तुझ्याच्यानं झालं तर बघ, नाहीतर भंगारात दे."

मी उघडून बघितली. आतला छापणारा भाग गेला होता, बाकी ठीक होतं. हृदयाचे ठोके मशीन अजून नीट ऐकत होती, फक्त लिहू शकत नव्हती. मागच्या बाजूला एक सॉकेट होतं, त्यातून तोच ठोका विजेच्या रूपाने बाहेर यायचा. म्हणजे मला तो वाचून कागदावर ओढायचा होता, एवढंच.

दुकानात बिलाच्या मशीन पडल्या होत्या, वादळात भिजलेल्या हॉटेलांच्या. त्यातल्या एकीचं हेड काढलं. हेड म्हणजे बोटभर लांबीची पट्टी असते, ताई. तिच्यात तीनशे चौऱ्याऐंशी बारीक ठिपके. ज्या ठिपक्यात वीज सोडशील तो तापतो आणि त्याच्यासमोरचा कागद काळा होतो. शाई नाही, रिबन नाही. कुठली तार कशाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी मीटर लावून एकेक तार शोधली. पहिली दोन हेड जाळली. वीज सोडून लगेच बंद करावी लागते, पापणी लवते तेवढ्यात शंभर वेळा. जरा जास्त राहिली की ठिपके मेले. तिसरं हेड नीट चाललं. एका छोट्या कंट्रोलर बोर्डवर प्रोग्राम लिहिला, कागद ओढायची मोटर जोडली. कागदावरच्या चौकटीसुद्धा मीच छापायचो. साध्या बिलाच्या कागदावर ईसीजी.

दोन महिने लागले. तेवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. नाना रोज दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. काही कळायचं नाही त्यांना, पण बसायचे. मशीन दवाखान्यात लावली त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरून पेढे आणून पेशंटांना वाटले.

एक अडचण मात्र होती. माणूस श्वास घेतो तशी ती रेघ वर-खाली तरंगायची. जाडा माणूस असला, हलला, की रेघ कागदाच्या बाहेरच. डॉक्टर म्हणाले, "निकेश, ही रेघ फार हिंडते रे." मी आठ दिवसांनी प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. रेघ मधल्या पातळीपासून वर गेली की तिला खाली ओढायची, खाली गेली की वर. पट्टी एकदम स्वच्छ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, "ही तर मोठ्या हॉस्पिटलसारखी पट्टी झाली. काय केलंस?"

मी म्हटलं, "थोडं साफ केलं."

यापलीकडे मी त्यांना काही सांगितलं नाही. चौदा महिने ती मशीन अशीच चालली.

आता त्या शुक्रवारचं. सतरा नोव्हेंबर २०२३. तुला आम्ही एवढंच सांगितलं होतं की नानांच्या छातीत जळजळ होती, डॉक्टरांनी पट्टी काढली, आम्लपित्त आहे म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वाडीत पाण्याचा पाट साफ करताना ते गेले. तू तेच तक्रारीत लिहिलंस. साठीच्या माणसाच्या छातीत दुखतंय आणि डॉक्टरनं माणगावच्या हॉस्पिटलला का नाही पाठवलं, असं विचारलंस. पट्टी मागितलीस, डॉक्टर म्हणाले सापडत नाही, तेव्हा तू लिहिलंस की त्यांनी पुरावा दडवला.

पट्टी माझ्याकडे आहे, ताई. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

नाना गेल्यावर पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मशीन घेऊन जा आणि एकदा नीट तपास. मला चैन पडत नाही." मी मशीन दुकानात आणली, सोबत त्यांच्याकडची नानांची पट्टीही. सुरुवातीला तपासणीसाठी मी त्यात एक मेमरी कार्ड बसवलं होतं. सॉकेटमधून जे येतं ते जसंच्या तसं त्यात साठत होतं. ते काढायचं राहून गेलं होतं. म्हणजे प्रत्येक पेशंटचा मूळ ठोका त्या कार्डात होता. नानांचाही होता.

त्या चार ओळी काढून टाकल्या आणि नानांचा ठोका परत छापायला लावला. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर बोर्लीचा आठवडाबाजार भरला होता. हेडखालून कागद सरकत होता आणि नाना गेलेले असताना त्यांचं हृदय माझ्या टेबलावर चालत होतं. मी हात लावायला गेलो तर कागद गरम होता.

मला डॉक्टरकी कळत नाही. पण दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर शाळेतल्या पोरालाही फरक कळला असता. प्रत्येक ठोका झाला की रेघ पुन्हा तळाला यायला हवी. नानांची येत नव्हती. ती वरच राहत होती, डोंगराच्या खांद्यासारखी. हार्ट अटॅकची खूण तीच असते. आणि माझा प्रोग्राम प्रत्येक ठोक्याला तो खांदा दाबून सपाट करत होता. रेघ नीट दिसावी म्हणून.

दोन्ही पट्ट्या घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी जाऊन पुष्कळ वेळ बघितलं. मग खुर्चीत बसले. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "ही पट्टी दिसली असती तर मी त्यांना माझ्या गाडीत घालून नेलं असतं."

नंतर म्हणाले, "घरी कुणाला बोललास?"

मी मान हलवली. नाही.

"मग नको बोलू. तुझ्या आईचा नवरा गेलाय. आता मुलगा नको जायला. मशीन मी लावली, कुणाला न दाखवता लावली. पट्टीखाली सही माझी आहे. मी अडुसष्ट वर्षांचा आहे निकेश, मला आता किती पेशंट बघायचे आहेत?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मी पट्ट्या उचलल्या आणि घरी आलो.

तेराव्याला ते आपल्या दारात आले, तुला आठवत असेल. तू अंगणात त्यांना काय काय बोललीस. ते पायरीखाली उभे होते, चपला काढून हातात धरलेल्या. तू म्हणालीस, "माझ्या बापाला गोळ्या देऊन मारलंत तुम्ही, आता तोंड दाखवायला आलात?" त्यांनी खाली बघितलं आणि "चुकलं माझं, बाई" एवढं म्हणून परत फिरले. तेव्हा मी ओटीवरच्या खांबामागे होतो. तुला वाटलं मी रडतोय. तू येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवलास. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर गावाने त्यांच्याकडे जाणं हळूहळू सोडलं. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली ती तुला माहीत नसेल. चौदा महिन्यांत ज्यांच्या ज्यांच्या पट्ट्या काढल्या होत्या त्यांची वही घेऊन ते स्कूटरवरून घरोघरी फिरले, कडेकडेच्या वाड्यांपर्यंत. "माझी मशीन बरोबर नव्हती, माणगावला जाऊन पुन्हा ईसीजी काढा," असं प्रत्येकाला सांगत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. काही गेले, काही नाही गेले. खालच्या आळीतल्या येसूबाई गेल्या, त्यांना आधीच एक झटका येऊन गेलेला निघाला. आता गोळ्या घेऊन बऱ्या आहेत. मासे सुकवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की डॉक्टरला काही येत नव्हतं म्हणून. मी एकदा तिथून जात होतो, मला थांबवून म्हणाल्या, "तुझा बाप त्याच्यापायीच गेला रं."

गेल्या मे महिन्यात डॉक्टरांनी स्वतः स्टुलावर चढून दवाखान्याचा बोर्ड काढला. आता इथे रात्री-अपरात्री कुणाला काही झालं तर सरळ माणगाव.

इतकं लिहूनही मी खरी गोष्ट लिहिलेली नाही. तुला कळलं असेल. मशीन चुकली, प्रोग्राम चुकला, असं लिहिलं की ती जणू काही दुसऱ्या कुणाची चूक होते. दोन गोष्टी राहिल्यात. सावकाश लिहितो.

पहिली. त्या शुक्रवारी नानांबरोबर मी होतो.

तुला आम्ही सांगितलं की ते एकटेच गेले. ते मीच सांगितलं होतं. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, मी त्यांना मोटरसायकलवरून नेलं. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवलं, मनगटांना चिमटे लावले, छातीवर रबराचे फुगे चिकटवले. नाना हसत होते. घाम होता कपाळावर, पण हसत होते. बाकावर बसलेल्या बाईला म्हणाले, "ही मशीन माझ्या पोरानं केलीय. आज त्याच्या मशीनवर बापाचा नंबर लागला." पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती वाचली, पुन्हा वाचली. नाडी बघितली. त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही. म्हणाले, "सदूनाना, पट्टी चांगली आहे, पण तुमचा घाम मला आवडत नाही. माणगावला जाऊन दाखवा. आत्ताच."

डॉक्टरांनी त्यांना माणगावला जायला सांगितलं होतं, ताई. तू तक्रारीत जे नाही म्हणून लिहिलंस ते त्यांनी केलं होतं.

नाना उठून सदरा घालायला लागले. म्हणाले, "पट्टी चांगली हाय ना? मग माझ्या पोराची मशीन खोटं सांगते व्हय? उद्या पाट काढायचा हाय मला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "निकेश, पट्टी बरोबर आहे ना रे? खात्री आहे तुझी?"

मी म्हटलं, "बरोबर आहे, डॉक्टर. शंभर टक्के."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. असं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. दहावीला नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. मग डॉक्टर म्हणाले, निदान या गोळ्या घ्या आणि सकाळी परत या. नाना मागे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही घरी आलो. वाटेत एकदाच म्हणाले, जरा हळू चालव.

दुसरी. मला माहीत होतं.

सव्वा वर्ष मी स्वतःला सांगत आलो की मी काही डॉक्टर नाही, मला काय कळणार होतं. ते खोटं आहे. त्या चार ओळी लिहिताना मी एक माहितीपत्रक उघडून बसलो होतो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रेघ फार जोरात मधोमध ओढाल तर ठोक्यानंतरचा भाग बिघडतो आणि हृदयविकार झाकला जाऊ शकतो. ओढ किती हलकी ठेवायची तेही दिलं होतं. मी तसं करून बघितलं. रेघ पुन्हा हिंडायला लागली. छान दिसेना. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू, आणि जोराची ओढच ठेवली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले मोठ्या हॉस्पिटलसारखी पट्टी, नाना पट्टीचा तुकडा खिशात घालून गावभर दाखवत फिरले, आणि मग त्यात हात घालायचं मला जमलं नाही. विसरलो नव्हतो. त्या शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात आलं होतं. अक्षरन् अक्षर आलं होतं. नाना समोर सदऱ्याची बटणं लावत होते, आणि मी शंभर टक्के म्हणालो.

लिहून झालं.

तुझा साक्षीचा मेसेज आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. ते पुस्तकं खोक्यात भरत होते, मुलीकडे कायमचं जायचं ठरवलंय. म्हणाले, "मी समितीपुढे मान्य करणार आहे. तू काही बोलू नकोस, बस फक्त." मी म्हटलं, मी बोलणार. त्यांनी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "आधी आईला सांग. तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकता कामा नये."

गुरुवारी सांगितलं. ती अंगणात सुपारी सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, तुला लिहिलंय तेवढं. ती सोलत होती. शेवटी विचारलं, "मशीन बरोबर हाय का म्हनून तुला कुनी इचारलं? त्यांनी?"

"नाही. डॉक्टरांनी."

"आनि तू व्हय म्हनलास."

"हो."

"त्यांच्या म्होरं."

"हो."

हातातली सुपारी तिने पुरी सोलली, टोपलीत टाकली. मग म्हणाली, "जागृतीला लिव. आनि माझ्याशी काय दिवस बोलू नको. मला बोलवत न्हाय तुझ्याशी." आज चौथा दिवस. ताट वाढते. पाणी ठेवते. काल माझा शर्ट फाटला होता तो शिवून खुंटीला लावला. बोलत नाही. वर मी लिहिलं की ती कमी बोलते, ते असं आहे.

सोबत दोन्ही पट्ट्यांच्या झेरॉक्स पाठवतो. पहिली त्या दिवशीची, डॉक्टरांच्या सहीची. दुसरी मी नंतर छापलेली. दाजींच्या ओळखीत कुणी डॉक्टर असेल त्याला दाखव, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मूळ पट्ट्या, ते कार्ड आणि माझा लेखी जबाब मी काल रजिस्टरने समितीकडे पाठवला. आता तो परत घेता येणार नाही, हे मुद्दामच केलं. तुला आधी विचारलं असतं तर तू कदाचित नको म्हणाली असतीस, माझ्यासाठी. मला ते नको होतं.

तक्रार मागे घे असं मी सांगत नाही. ती कुणाविरुद्ध आहे ते मात्र बदल. मंगळवारी मी येईन, पण तुझ्या शेजारी बसणार नाही. डॉक्टरांना मुंबईचं ऑफिस सापडायचं नाही, त्यांच्याबरोबर इथूनच पहाटेच्या एसटीने निघतोय.

नंतर तू इकडे आलीस तर दार मीच उघडेन. जे बोलायचं ते बोल, मारलंस तरी चालेल. फक्त वाडीत ये, आईसमोर नको. ती आता कुणाचा चढलेला आवाज ऐकू शकत नाही.

आणि नाही आलीस तर आईला आठवड्यातून एकदा फोन कर. तिला सध्या बोलायला घरात कुणी नाही.

नानांचा,
निकेश